सोल्डरिंगच्या कामात कोणते शब्द आधी शिकावेत?

आयटीआय झाल्यावर कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका युनिटात पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) असेंब्लीला लागताय आणि तिथले कोणते शब्द माहीत असावेत, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आधी बिघाडांची नावं शिका. मशीनची नावं कानावर पडून आपोआप पाठ होतात. बिघाडाचं नाव चुकलं, तर मात्र दुरुस्तीच भलत्या जागी होते.

बऱ्याच ठिकाणी जोड खराब दिसला की सरसकट ‘ड्राय’ लिहून बोर्ड बाजूला ठेवतात. त्यावरून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. वितळलेलं सोल्डर (जोडायचा धातू) पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या धातूच्या ठिपक्यावर, आणि कंपोनंटच्या पायावर नीट पसरून धरतं, ते वेटिंग. जोडाची कड निमुळती होत पॅडला मिळायला हवी. सोल्डर गोळा होऊन नुसतं वर बसलं असेल, तर ते नॉन-वेटिंग. तिथं बहुधा पायावर ऑक्साइड किंवा घाण असते आणि ऑक्साइड काढणं हे फ्लक्सचं काम, म्हणून आधी फ्लक्स आणि माल किती जुना आहे ते बघा. कोल्ड जॉइंटमध्ये उष्णताच कमी पडलेली असते. तुमच्या घरात कुणी फौंड्रीत असेल तर त्यांना कोल्ड शट विचारा; धातू पोचला पण एकजीव झाला नाही, तशीच ही गत. सोल्डर थिजताना पाय हलला, तर तो डिस्टर्ब्ड जॉइंट. तिथं तापमान वाढवून उपयोग नाही, बोर्ड स्थिर धरायला हवा.

नुसती चमक बघून जोड नापास करू नका. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, त्याचा जोड चकचकीत दिसतो. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आले, त्यामुळं निर्यातीच्या मालाला लेड-फ्री लागतं. त्यातलं नेहमीचं एसएसी ३०५ म्हणजे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, ०.५ टक्के तांबं. ते २१७ ते २२० अंशांत वितळतं आणि त्याचा चांगला जोडही मंद, दाणेदार दिसतो. तुमच्या टेबलावर कुठली सोल्डर वायर आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणारे कंपोनंट) लाइनवर स्टेन्सिलमधून, म्हणजे भोकं असलेल्या पत्र्यातून, सोल्डरची पेस्ट लावतात, पिक-अँड-प्लेस मशीन कंपोनंट ठेवतं आणि बोर्ड रिफ्लो ओव्हनमधून जातो, तिथं पेस्ट वितळते. थ्रू-होलसाठी, म्हणजे पाय बोर्डाच्या भोकातून जाणाऱ्या कंपोनंटसाठी, वेव्ह (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेणं) किंवा हाताचं सोल्डरिंग. दोन पॅड जोडले गेले तर ब्रिज. चिप एका टोकावर उभी राहिली तर टूम्बस्टोन: एका बाजूची पेस्ट आधी वितळते आणि तिचा पृष्ठताण चिपला ओढून उभं करतो.

सोल्डर बॉल म्हणजे जोडाभोवती विखुरलेले बारीक मणी. आपल्याकडं पावसाळ्यात हे जपावंच लागतं. फ्रीजमधला पेस्टचा डबा गार असतानाच उघडला, तर हवेतलं बाष्प पेस्टवर धरतं आणि ओव्हनमध्ये ते पाणी उसळून मणी उडवतं. डबा बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, कितीही घाई असली तरी.

तपासणीला आयपीसी-ए-६१० हे मानक वापरतात. त्यात क्लास १, २ आणि ३ असतात. तिसरा सर्वांत कडक. एकच जोड एका क्लासला चालतो आणि दुसऱ्याला नापास होतो, म्हणून प्रत्येक ऑर्डरचा क्लास सुपरवायझरना विचारा.

आणि ईएसडीचा रिस्ट स्ट्रॅप (स्थिर वीज काढून टाकणारा मनगटाचा पट्टा) बाहीवरून नको, थेट कातडीला लागेल असा घट्ट बांधा. स्थिर विजेनं अधू झालेली आयसी तपासणीत पास होऊ शकते आणि गिऱ्हाइकाकडं जाऊन बंद पडते.