ॲप डिलीट करण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. अभ्यासिकेतून रात्री दहाला खोलीवर येतोस, अंथरुणावर पडून रील्स बघायला लागतोस आणि बघता बघता तीन वाजतात. ॲप कितीदा तरी डिलीट केलंस, दोन दिवसांत परत घेतलंस. हे सगळं लिहून शेवटी ‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही’ असा निकाल देऊन मोकळा झालास. हा निकाल मला मान्य नाही. जो मुलगा दिवसाचे आठ-दहा तास राज्यसेवेचा अभ्यास करतो, त्याच्याकडे इच्छाशक्ती नाही कशी?

तू सीबीटीबद्दल, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीबद्दल विचारलंस. मनात येणारा विचार आणि त्यामागून होणारी कृती, या दोन्हींवर हा उपचार काम करतो. इंटरनेटच्या व्यसनासाठी किंबर्ली यंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याची वेगळी आखणी केली. आधी वापराच्या सवयी बदलायच्या, मग त्यामागचे विचार तपासायचे आणि शेवटी ज्या दुःखापासून आपण स्क्रीनकडे पळतो त्याला हात घालायचा. इंटरनेट कायमचं सोडायचं, असं त्यात नाही. तुझे फॉर्म, लेक्चर्स, निकाल सगळं तिथेच आहे. सोडून जाशील कुठे?

आठवडाभर फक्त नोंद ठेव. फोन हातात घेतलास ती वेळ, त्याआधी मनात काय चाललं होतं आणि नेमका कुठला विचार आला. सुधारायच्या फंदात पडू नकोस. बहुतेकांच्या वहीत दोन वाक्यं सापडतात: ‘पाचच मिनिटं’ आणि ‘आजचा दिवस तसाही गेलाच, आता उद्यापासून’. दुसरं जास्त घातक, कारण वीस मिनिटांच्या चुकीची अख्खी रात्र त्यानेच होते. ते वाक्य आलं की कागदावर उतरव आणि त्याच्याशी वाद घाल: साडेअकरा वाजलेत, आत्ता झोपलो तर सहा तास मिळतात, मग दिवस गेला कसा?

सोबत एक प्रयोग कर. साधं गजराचं घड्याळ घे आणि फोन खोलीबाहेर चार्जिंगला लाव. किती अस्वस्थ वाटेल याला आधी दहापैकी गुण दे, सकाळी प्रत्यक्षातले गुण लिही. दोन्ही आकडे पडताळून बघ.

जर्मनी-ऑस्ट्रियातल्या १४३ पुरुषांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सीबीटीवर आधारलेला उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के इंटरनेटच्या व्यसनातून बाहेर आले. प्रतीक्षा यादीतल्यांपैकी, म्हणजे ज्यांचा उपचार अजून सुरू व्हायचा होता त्यांच्यापैकी, सुमारे २४ टक्के. उपचार न घेताही काहीजण सावरले, हेही त्यात आलंच. पण फरक बघ केवढा आहे.

मात्र वहीत सारखं ‘एकटं वाटतं’, ‘जगण्यात अर्थ नाही’ असं येऊ लागलं, तर एकट्याने झुंजत बसू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, तिथे मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तर २०१४ पासून फोन-इंटरनेटच्या याच त्रासासाठी ‘शट क्लिनिक’ चालतं, म्हणजे असा त्रास होणारा तू काही एकटाच नाहीस.

आठवड्याच्या नोंदी झाल्या की वहीच्या पानांचे फोटो पाठव. खाडाखोड असली तरी चालेल.

तुझा,
काका