कंपनीत वेलनेस प्रोग्राम सुरू करायला सांगितलंय. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: शंभर-सव्वाशे माणसांची कंपनी, एचआरमध्ये तुम्ही जवळजवळ एकहाती, वरून आदेश आलाय की तीन महिन्यांत 'वेलनेस', म्हणजे कर्मचाऱ्यांच्या तब्येतीसाठी काहीतरी, सुरू करा, बजेट बेताचं. समोर दोन कोटेशनं पडली आहेत. एक कंपनी अ‍ॅप विकतेय, दुसरी वर्षातून एकदा सगळ्यांच्या तपासण्या करून देणार आहे. यातलं कुठलं घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

सध्या कुठलंच घेऊ नका. दोन्ही कोटेशनं खणात ठेवा. पुढे त्यांचा उपयोग होईलही, पण सुरुवात तिथून केलीत तर तुमचं तेच होईल जे माझं झालं.

मी हे काम पहिल्यांदा केलं तेव्हा चालण्याची स्पर्धा ठेवली होती. पाच-पाच जणांच्या टीम, आठ आठवडे, रोज दहा हजार पावलांचं लक्ष्य आणि लिफ्टशेजारी नावांचा भलामोठा तक्ता. पहिला आठवडा झकास गेला. तिसऱ्या आठवड्यात कळलं की एकाने फोन टेबलफॅनच्या मानेला बांधलाय. पंखा इकडून तिकडे वळतोय आणि गड्याची पावलं जागच्या जागी वाढताहेत! त्यावर आम्ही पोट धरून हसलो. जिंकले ते आधीपासूनच रविवारी पळायला जाणारे. रात्रपाळीच्या सपोर्ट डेस्कवरच्या एकानेही नाव दिलं नव्हतं, आणि खरं तर त्यांच्यासाठीच हा खटाटोप होता.

शेवटच्या दिवशी अकाउंट्समधली एक सहकारी माझ्या टेबलाशी आली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, टीममध्ये पाचवं माणूस कमी पडत होतं म्हणून तिचं नाव घातलेलं. ती एवढंच म्हणाली, "आठ आठवडे रोज सकाळी लिफ्टची वाट बघताना मी माझं नाव तळाला वाचत होते." तक्ता मीच लावला होता, रोज अपडेटही मीच करत होते. माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

(जाता जाता: दहा हजार हा आकडा मुळात वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा जगभर पसरला. चालणं चांगलंच, पण त्या आकड्यापायी कुणाचा जीव टांगणीला लावू नका.)

आता कोटेशनबद्दल. त्यांच्या स्लाइडमध्ये बहुतेक 'एक डॉलर खर्च करा, तीन डॉलर वाचवा' अशा अर्थाचं काहीतरी असेल. तो आकडा हवेतला नाही. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात वैद्यकीय खर्चात डॉलरमागे ३.२७ डॉलरची बचत दिसली होती. गंमत पुढे आहे. त्यातल्याच साँग आणि बेकर यांनी नंतर एका मोठ्या अमेरिकी किरकोळ विक्री कंपनीत नीट चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला. १६० ठिकाणं, सुमारे ३३ हजार कर्मचारी. काही ठिकाणी प्रोग्राम दिला, बाकीच्या ठिकाणी नाही. २०१९ मध्ये निकाल छापला. दीड वर्षानंतर लोक 'आम्ही जास्त व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो' असं सांगत होते. पण बीपी, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी, उपचारांचा खर्च, कशातच म्हणावा असा फरक नव्हता. स्लाइड मात्र अजून २०१० चीच फिरते.

आधी फरक दिसला आणि मग गायब झाला, हे कसं? याचं उत्तर इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगात सापडतं, आणि ते तुम्हाला रोजच्या कामात उपयोगी पडेल. तिथे २०१६ मध्ये सुमारे ४,८०० कर्मचाऱ्यांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं. वर्षभराने खर्च, गैरहजेरी, उत्पादकता यांत फरक दिसला नाही. पण ज्यांनी आपणहून भाग घेतला ते मुळातच जास्त निरोगी होते, प्रोग्रामच्या आधीपासूनच त्यांचा दवाखान्याचा खर्च कमी होता. म्हणजे भाग घेणारे आणि न घेणारे अशी सरळ तुलना केली की प्रोग्राम हमखास यशस्वी दिसतो. माझ्या स्पर्धेतले रविवारचे पळणारे आठवा. तेव्हा उद्या साहेबांनी विचारलं की 'भाग घेणाऱ्यांची आजारपणाची रजा कमी आहे ना?' तर हो म्हणायचा मोह आवरा.

मनःस्वास्थ्याच्या बाबतीतही तेच. ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, तो लेख २०२४ मध्ये आला. ताण हाताळण्याचं प्रशिक्षण, माइंडफुलनेस (आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचा सराव), अ‍ॅप वगैरे घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा काही बरे नव्हते. अपवाद होता तो स्वयंसेवी कामाची संधी मिळालेल्यांचा.

मग हा उद्योगच सोडून द्यायचा का? नाही. आपल्याकडे म्हणतात ना, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं या प्रोग्रामचं होतं. ताण येतो कामातून आणि औषध पाजलं जातं माणसाला.

कामाचा तब्येतीशी संबंध किती जवळचा आहे हे जुनंच ठाऊक आहे. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत १९६७ पासून व्हाइटहॉल अभ्यास चालला. कुणी उपाशी नाही, कुणी बेकार नाही, बहुतेक टेबलाशी बसून काम करणारे. तरी हुद्दा जितका खालचा, तितकं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल यांचा हिशोब वजा केला तरी बरीचशी तफावत उरतच होती. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात एक धागा हाती लागला: आपल्या कामावर आपली किती सत्ता चालते? अमेरिकी संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाला वाव नाही, ही जोडी सगळ्यात वाईट. आणि तासांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अंदाज मांडला: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. साठ तास राबणाऱ्याला दुपारी वीस मिनिटं ध्यानाला बसवून हे भरून निघेल असं मला वाटत नाही.

म्हणून पहिला महिना फक्त ऐकण्यात घालवा. चाळीस प्रश्नांचा ऑनलाइन सर्व्हे नको, लोक तो मीटिंगमध्ये बसल्या बसल्या उरकतात. पाच-सहा जणांना एकत्र बोलवा, त्यांच्या मॅनेजरला बाहेर ठेवा, पाऊण तास पुरतो. 'तुम्हाला ताण आहे का?' असं विचारलंत तर 'नाही, ठीक चाललंय' हेच मिळेल. मी विचारते: गेल्या महिन्यात सगळ्यात दमून घरी गेलात तो दिवस कुठला? त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? मग गप्प बसते. पहिलं मिनिट अवघड जातं, पण ते भरायची घाई करू नका. कुणीतरी बोलतं आणि मग बाकीच्यांच्याही तोंडातलं कुलूप निघतं.

त्याच्या जोडीला रजेचं रजिस्टर आणि ओव्हरटाइमचे आकडे घेऊन बसा. विभागवार, महिन्यावार. आमच्या एका विभागात आजारपणाच्या रजा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायच्या. विभागप्रमुखाचं मत ठाम होतं, पगार झाला की दांडी. गटात बसल्यावर कळलं ते वेगळंच. महिनाअखेरीचा हिशोब बंद करायला ही मंडळी लागोपाठ तीन रात्री उशिरापर्यंत थांबायची, कारण दुसऱ्या विभागाकडून आकडे यायचे ते शेवटच्या दिवशी संध्याकाळी. आणि ते तसे का यायचे? फार पूर्वी कुणीतरी तशी तारीख ठरवली होती म्हणून! तारीख तीन दिवस अलीकडे आणली. त्यासाठी दोन विभागप्रमुखांना एका खोलीत बसवावं लागलं, ते काही गोड झालं नाही. पण तीन रात्रींची एक रात्र झाली आणि पुढच्या काही महिन्यांत पहिल्या आठवड्यातली ती रांगही विरळ झाली. यावर खर्च शून्य.

दुसरं उदाहरण सपोर्ट डेस्कचं. सोमवारपासूनचं शिफ्टचं वेळापत्रक शनिवारी संध्याकाळी लागायचं. डॉक्टरची वेळ घेता येत नाही, मुलाच्या शाळेत जायचं ठरवता येत नाही. आम्ही ते दोन आठवडे आधी लावायला लागलो आणि आपसात शिफ्ट बदलायची असेल तर नुसतं कळवा, परवानगी नको, असं केलं. वर्षअखेरीला मी 'या वर्षी काय आवडलं' असं विचारलं तेव्हा निम्म्या लोकांनी हेच सांगितलं. कुणी त्याला वेलनेस म्हणालं नाही, मीही म्हटलं नाही.

आता गुप्ततेबद्दल, कारण यात एकदा तोंड पोळलं की लोक परत विश्वास ठेवत नाहीत. आमच्या पहिल्या तपासणी शिबिराचे रिपोर्ट माझ्या टेबलावर आले ते एका उघड्या गठ्ठ्यात, नावांच्या क्रमाने लावलेले. मी पाकिटं करायला बसले तोवर दोन जण येऊन 'माझा दे ना' म्हणत गठ्ठा चाळून गेले होते. त्याच आठवड्यात एका विभागप्रमुखाने सहज विचारलं, "माझ्या टीममध्ये शुगरवाले किती?" सहजच, वाईट हेतू नव्हता. पण माणसाने असा प्रश्न विचारला की बढतीच्या वेळी ते उत्तर त्याच्या डोक्यात असतंच. तपासणी असो की समुपदेशनाची हेल्पलाइन, करारात स्पष्ट लिहून घ्या की रिपोर्ट थेट त्या माणसालाच जाईल, कंपनीला नावानिशी काहीही मिळणार नाही. एकत्रित आकडेही लहान गटाचे नकोत. तुमच्या सव्वाशेच्या कंपनीत चार माणसांचा विभाग असेल, तिथे 'चारांपैकी एकाला नैराश्य' म्हणजे नाव सांगितल्यासारखंच आहे. आणि हेल्पलाइनचं बिलसुद्धा तपासा. त्यावर तारीख आणि विभाग छापून येत असेल तर काय उपयोग?

तपासणीचं कोटेशन पुढे घ्यायचंच ठरलं तर विचारा की बीपी जास्त निघालेल्याचं पुढे काय. नुसता कागद हातात देऊन काही होत नाही. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने पेप्सिको कंपनीच्या प्रोग्रामचा अभ्यास केला होता, २०१४ मध्ये छापलेला. त्यात खर्चात बचत दिसली ती आधीपासून दीर्घ आजार असलेल्यांच्या मागे नियमित लागून त्यांना मदत केली त्या भागातून. सरसकट सगळ्यांच्या सवयी सुधारण्याच्या भागातून खर्च कमी झाला नाही. बजेट बेताचं असेल तर ते थोड्यांवर पण नीट खर्च करा. डॉक्टरकडे जायला रजा न कापता दोन-तीन तासांची सवलत द्या, एवढ्यानेही बरंच होतं.

मॅनेजरांना धरल्याशिवाय मात्र यातलं काही टिकणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही मॅनेजरांच्या प्रशिक्षणाची शिफारस आहे. अर्ध्या दिवसाचं पुरतं: कुणी गप्प गप्प राहायला लागलं तर कसं विचारायचं, काय विचारायचं नाही, कुणाकडे पाठवायचं. रात्री साडेअकराला मेल टाकणाऱ्या साहेबांना 'सकाळी नऊला पाठव' हे बटण दाखवणं हाही त्याच प्रशिक्षणाचा भाग समजा. आम्ही दाखवलं. एकाने ते खरंच वापरलं.

खुर्च्या, उजेड, पाण्याची सोय यावर वेगळं काय लिहू, मोडकं असेल ते दुरुस्त करून घ्या. वजन घटवण्याच्या स्पर्धा मात्र अजिबात नकोत.

व्यवस्थापनाला काय सांगायचं? पैसे वाचतील असं वचन देऊ नका. सहा महिन्यांनी मी चार गोष्टी दाखवीन असं सांगा: विभागवार ओव्हरटाइम, आजारपणाच्या रजा, नोकरी सोडून गेलेल्यांची संख्या, आणि त्याच गटांना तेच प्रश्न पुन्हा विचारल्यावर आलेली उत्तरं. 'किती जणांनी भाग घेतला' हा आकडा त्यांना फार आवडतो, मागतील तर द्या, पण स्वतः त्याच्या मागे लागू नका. तीन महिन्यांची मुदत आहे, तर पहिला महिना ऐकणं, दुसऱ्यात एक, फार तर दोन गोष्टी बदलणं, तिसऱ्यात लोकांना सांगणं की तुम्ही हे बोललात, आम्ही हे केलं, आणि हे अमुक कारणाने जमलं नाही. न जमलेलंही सांगाच, नाहीतर पुढच्या वेळी गटात कुणी तोंड उघडणार नाही.

मदतीला चार-पाच जणांची छोटी समिती करा, पण उत्साही आणि फिट लोकांची नको. आमच्यात अकाउंट्सवाली ती सहकारी आहे. पहिल्या बैठकीत तिने मागणी केली की लिफ्टपाशी काहीही लावायचं असेल तर आधी तिला दाखवायचं. अजून दाखवतो.

आणि कोटेशनवाले फोन करतीलच, दर पंधरवड्याला. त्यांना एकच विचारा: नावानिशी माहिती तुमच्याकडे कोण कोण बघू शकतं, आणि करार संपल्यावर ती कुठे जाते? उत्तर देताना ते अडखळले, तर कोटेशन राहू द्या खणातच.