जनसुनावणीच्या हजेरीपटावर सही केली, तर ती संमती ठरते का?

प्रश्न : तापीकाठी माझी चार एकर जमीन आहे. शेजारी सरकारी वीज केंद्राचं राखेचं तळं. उन्हाळ्यात वारा सुटला की केळीची पानं पांढरी पडतात. तीन वर्षं झाली, विहिरीच्या पाण्याला गुरंही तोंड लावत नाहीत. अर्ज केला की ‘सरकारी प्रकल्प आहे, मंजुरी आहे’ एवढंच उत्तर मिळतं. आता विस्तारासाठी जनसुनावणी लागली आहे. हजेरीपटावर सही केली की संमती धरतात, म्हणून गाव बहिष्कार घालायचं म्हणतंय. माझा मुलगा तिथेच ठेकेदाराकडे कामाला आहे. मी काय करू?

उत्तर : भाऊ, आधी सहीचं बोलू, कारण या एका गैरसमजापायी गावाचं मोठं नुकसान होईल. हजेरीपटावरची सही म्हणजे फक्त हजेरी. ती इतिवृत्ताला जोडतात, बाकी काही नाही. जनसुनावणीत मतदान नसतं. समोर बसलेले जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी प्रकल्प मंजूरही करत नाहीत, नामंजूरही नाही. गावाचं म्हणणं नोंदवून वर पाठवणं एवढंच त्यांचं काम. ५०० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या कोळसा केंद्रांचा निर्णय दिल्लीत पर्यावरण मंत्रालयात, तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवर होतो. त्या समितीतल्या कुणी तुमची विहीर पाहिलेली नसते. त्यांच्यासमोर फक्त कागद असतो.

म्हणून बहिष्कार घालू नका, असं मी हात जोडून सांगते. प्रकल्पाचा पर्यावरणावर होणारा परिणाम तपासायच्या १४ सप्टेंबर २००६च्या ज्या अधिसूचनेखाली ही सुनावणी होते, तिच्यात गणपूर्तीची अटच नाही. मंडपात चार माणसं असली तरी सुनावणी झाली असंच धरतात. आणि गावात मोकळेपणानं बोलणं शक्य नाही असा अहवाल गेला, तर सुनावणी वगळून पुढे जायची मुभाही त्याच अधिसूचनेत आहे.

नोटीस कोणत्या तारखेच्या पेपरात आली ते आजच बघा आणि तो अंक जपून ठेवा. नोटीस आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस हवेत. या परिणामांबद्दलचा कंपनीचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात बघायला मिळतो. त्याचा मराठी सारांश देणं बंधनकारक आहे. त्यात राखेचं प्रकरण आधी वाचा. भारतीय कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते, त्यामुळे केंद्र वाढलं की राखही वाढणार. ती कुठे जाणार, तळ्याला अस्तर आहे का, आसपासच्या विहिरींचं पाणी कधी तपासलं, हे तिथं लिहिलेलं नसेल तर तीच तुमची हरकत. हरकत लेखी द्या, गट नंबरासह, आणि पोच घ्या. शेवटी सगळे मुद्दे मराठीत वाचून दाखवावे लागतात. तुमचा मुद्दा राहिला तर तिथल्या तिथे उभं राहून सांगा. नोंदलेल्या हरकतींना कंपनीला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं. मंजुरीविरुद्ध पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या खास न्यायालयात, अपील करायचं झालं तर हाच कागद कामी येतो. त्या अपिलाची मुदत फक्त ३० दिवस आहे. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० मिळतात.

‘सरकारी प्रकल्प आहे’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. गोव्याच्या मोपा विमानतळाला खुद्द राज्य सरकारनं पर्यावरण मंजुरी घेतली होती. अर्जात आसपासची जंगलं नीट दाखवली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१९ मध्ये ती मंजुरी स्थगित केली. पुढे जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह काम सुरू झालं, हेही सांगायला हवं. पण सरकार असलं तरी प्रक्रिया चुकवता येत नाही, हे तिथं ठरलं.

‘मंजुरी आहे’ म्हणतात, तर जुन्या मंजुरीच्या अटी मागा. त्या पाळल्याचा अहवाल कंपनीनं दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो आणि तो जाहीर कागद आहे. १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. शिवाय ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेनं राखेचा पूर्ण वापर बंधनकारक केला आहे. न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई ठरली आहे.

विहिरीचं प्रकरण वेगळं, ते सुनावणीत मिसळून टाकू नका. त्याच हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात, न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम १५ खाली भरपाई मागता येते. मुदत पाच वर्षं, आणि ती नुकसान पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवसापासून मोजतात. तुमची तीन गेली आहेत. फी मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, किमान १,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला माफ. कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. पण पाणी राखेमुळेच बिघडलं हा दुवा दाखवावा लागतो, आणि खटले इथंच अडतात. बाटलीत भरून खासगी प्रयोगशाळेत दिलेल्या नमुन्यावर विसंबू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगाव कार्यालयाला लेखी पत्र द्या की विहिरीचा आणि तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा, दोन्ही नमुने जलप्रदूषणाच्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे घ्या. पानांवरच्या राखेचा पंचनामा तलाठी आणि कृषी सहायकाकडून करून घ्या, दर वेळी तारखेसह.

आता मुलाचं. ठेकेदारानं त्याला कामावरून काढलं तर लगेच संरक्षण देईल असा कायदा माझ्याकडे नाही, तेव्हा खोटा धीर देणार नाही. सुनावणीत तुम्हीच बोललं पाहिजे असं मात्र नाही. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा शेजाऱ्यांची हरकत तितकीच चालते, तुमची विहीर त्यात गट नंबरानं येऊ द्या. भरपाईचा अर्ज मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या वतीनं करावा लागेल. तो कधी करायचा हे मुलाला बसवून, त्याला विचारून ठरवा. पाच वर्षं भरायला अजून दोन आहेत, पण नमुन्यांचं पत्र मात्र याच आठवड्यात टाका.