बोलोन्या पायीच बघ

इटलीतल्या बोलोन्यासाठी दोनच दिवस आहेत म्हणतोस, तर बसचा पास घेऊच नकोस. बोलोन्याचा जुना भाग सपाट आहे आणि बहुतेक रस्त्यांच्या कडेने पोर्टिको, म्हणजे कमानींचे झाकलेले पदपथ आहेत. शहरभरचे मिळून सुमारे 62 किलोमीटर! 2021 मध्ये ते जागतिक वारसा यादीत आले. ऊन असो वा पाऊस, चालणं थांबत नाही. फक्त बूट चांगले घाल, पावसात काही ठिकाणची गुळगुळीत फरशी निसरडी होते.

सुरुवात प्याझ्झा माज्जोरे या मुख्य चौकापासून कर. तिथल्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर यायच्या आत पोहोच. तिथे जमिनीवर खगोलशास्त्रज्ञ कासिनीने 1655 मध्ये आखलेली 67 मीटर लांब मध्यान्हरेषा, म्हणजे उन्हाच्या ठिपक्यावरून मध्यान्ह दाखवणारी रेषा आहे. छतातल्या छिद्रातून येणारा उन्हाचा ठिपका तिच्यावरून सरकताना पाहणं मला शहरातल्या प्रसिद्ध दोन मनोऱ्यांपेक्षाही मोलाचं वाटतं. सान लुका या टेकडीवरच्या चर्चची 666 कमानींची चढण मात्र सकाळी चढ, शेवटी दम लागतो.

संध्याकाळी क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजारभागाच्या गल्ल्यांत शिर. तिथे 1465 पासूनची ओस्तेरिया देल सोले ही मद्यशाळा आहे. ती फक्त पेय देते, खाणं आपण बाहेरून न्यायचं. पिन्योलेत्तो ही इथल्याच टेकड्यांची पांढरी वाइन जरूर चाख. शाकाहारी असशील तर तोर्तेल्लिनी हा भरलेला पास्ता मागवू नकोस, सारणात मांस असतं. रात्री उशिराची गर्दी व्हिया देल प्रातेल्लो या रस्त्यावर असते. प्याझ्झा व्हेर्दी या चौकात विद्यार्थी जमिनीवरच बैठक मारतात, तिथे खिसा-पाकीट सांभाळ.