ऑइल घरी बदलू का?

प्रश्न : माझी २०१६ ची पेट्रोल होंडा सिटी आहे. वॉरंटी कधीच संपली. यंदा ऑइल आणि फिल्टर घरीच बदलायचा विचार आहे. मेहुणे म्हणतात, पुण्याच्या उन्हाळ्यात ०डब्ल्यू-२० अगदी पाणी होतं, २०डब्ल्यू-५० टाक. टाकू का? आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करताना काय सांभाळायचं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : मेहुण्यांचं एवढं ऐकू नका. बाहेर पारा चाळिशीला टेको की डिसेंबरातल्या पहाटे दहावर येवो, चालत्या इंजिनातलं ऑइल साधारण ९० ते १०० अंशांवरच असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा ऑइल गारठ्यात किती वाहतं ते सांगतो, नंतरचा तापल्यावर किती दाट राहतं ते. तुमच्या इंजिनाच्या बेअरिंगमधल्या फटी पातळ ऑइल धरूनच ठेवलेल्या आहेत, आणि व्हीटेक, म्हणजे वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी होंडाची यंत्रणा, तर ऑइलच्या दाबावरच चालते. दाट ऑइल सकाळी वर चढायला वेळ लावतं. झीज जास्त होते ती नेमकी त्याच वेळी. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घ्या.

आता काम. माझी हयात गॅरेजात गेली, म्हणून हात जोडून सांगतो : डिकीतला जॅक टायर बदलण्यापुरता. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली क्षणभरही शिरू नका. पुढची चाकं मजबूत रॅम्पवर चढवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. बेसमेंटच्या उतारावर हे करूच नका, सपाट जागा शोधा.

इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट हवं, चटका बसेल इतकं नको. इंजिनाखालचा, ऑइल सोडायचा ड्रेन नट १७ नंबरचा आहे. त्याला गोटी किंवा रिंग पाना लावा, उघड्या तोंडाच्या पान्याने कोपरे गोल होतात. वायसर दरवेळी नवा. नट ४० न्यूटन-मीटरपर्यंतच आवळायचा, अंगाचा भार देऊन नाही. चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे, आटे गेले तर वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च बसेल.

फिल्टर काढलात की तो उलटा करून बघा : काळी रबरी रिंग त्याच्याबरोबर आलीय का? पुष्कळदा ती इंजिनालाच चिकटून राहते, आणि ऑइलने काळ्या झालेल्या धातूवर काळं रबर दिसत नाही. बोट फिरवा, कडा लागली तर सोलून काढा. तिच्यावर नवा फिल्टर चढला तर दोन रिंगांमधून ऑइल धारेने बाहेर पडतं, तेही रस्त्यात. नव्या रिंगला बोटाने ताजं ऑइल चोळा, फिल्टर टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग पाऊण फेरा आणखी. बस.

आधी तीन लिटरच ओता. एक मिनिट इंजिन चालवा, खाली ओलं दिसतंय का पाहा, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक बघा. मग दोन खुणांच्या मध्ये येईपर्यंत थोडं थोडं घाला. एकूण साधारण साडेतीन लिटर लागेल. वायसर आणि फिल्टर नाना पेठेत मिळतील, जुना फिल्टर असेल तर सोबत न्या.

जुनं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. पार्किंगच्या जाळीत ओतलेलं पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात आणि तिथून मुठेत जातं. घंटागाडीतही टाकू नका, ते कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाताला लागतं. नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरा, झाकण घट्ट लावा आणि ओळखीच्या गॅरेजला द्या. मात्र ते परवानाधारक रिसायकलरलाच ऑइल देतात ना, हे आधी विचारा. फरशीवर सांडलंच तर लाकडाचा भुसा टाका. पाणी मारू नका, ऑइल पसरतं.