शिकारी ढेकणाचा शुक्राणू बघायचाय? मग हे आधी वाच

परभणीकडच्या कपाशीत तुला रायनोकोरिस हा शिकारी ढेकूण सहज सापडेल. बोंडअळीला सोंड खुपसून धरलेला दिसला की हलक्या हाताने डबीत घे. बोटाला डसला तर आग होते, सांभाळ.

नर जिवंत असतानाच शुक्राशय, म्हणजे शुक्राणू साठवणारी पिशवी, काढायचं आणि लगेच ग्लुटराल्डिहाइडमध्ये, म्हणजे पेशींची रचना जशीच्या तशी टिकवणाऱ्या द्रावणात, टाकायचं. माझी पहिली खेप मी अल्कोहोलमध्ये ठेवली होती. पेशींची पटलं पार विरघळली आणि अख्खा हंगाम हातचा गेला. तू तसं करू नकोस.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणूच्या शेपटीचा आडवा छेद बघ. मधे २ सूक्ष्मनलिका, भोवती ९ जोड्या, त्याबाहेर आणखी ९ सुट्या नलिका. हा ९+९+२ आराखडा बहुतेक कीटकांत असतो, त्यावर फार अडकू नकोस. खरी गंमत शेजारी आहे. तंतुकणिकांपासून (मायटोकाँड्रिया, पेशीला ऊर्जा देणारे घटक) झालेले दोन लांब पट्टे शेपटीत चिकटलेले दिसतील, आणि त्यांना या सगळ्या नलिकांच्या गाभ्याशी जोडणारे बारीक पूल. इतर अनेक कीटकांत नलिकांच्या गाभ्यालगत दिसणारे साहाय्यक पिंड इथे नसतात.

आता त्याच कपाशीतला लाल ढेकण्या घे. तो सरकीचा रस पितो, शिकार करत नाही, तरी पूल त्याच्यातही आहेत. उलट मावा खाणाऱ्या क्रायसोपात (जाळीदार पंखांचा कीटक, शिकारी असला तरी ढेकूण नव्हे) ते मिळणार नाहीत. म्हणजे हे पूल ढेकणांच्या सामाईक पूर्वजाकडून आलेत, खाण्याच्या सवयीतून नाही. म्हणून तुलनेला लाल ढेकण्या घेतल्याशिवाय प्रबंधाचा एक शब्दही लिहू नकोस, बाळा.