चांदोलीत वाघ दिसत नाही, मग जायचं कशाला?

“चांदोली राष्ट्रीय उद्यानात वाघ दिसत नाही असं ऐकलं, मग सुट्टी घालवून तिकडं जाण्यात अर्थ आहे का?” असं तुम्ही विचारलंय. शब्द तुमचे असले तरी आवाज मला आमच्या साडूंचा आला, म्हणून एवढं लिहितोय.

आधी वाघाचं सांगून टाकतो. चांदोली 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 मध्ये कोयना अभयारण्यासोबत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. 2018 मध्ये कॅमेऱ्यात वाघ सापडला तेव्हा पेपरात बातमी झाली, यावरून काय ते समजा. दक्षिणेकडून राधानगरी, तिलारीच्या डोंगररांगा धरून नर यायचे, पण माद्याच नाहीत म्हटल्यावर कुटुंब वाढणार कसं? म्हणून तर 2025 मध्ये ताडोबाकडून वाघीण आणून सोडली. तेव्हा दिसण्याची आशा धरून येऊ नका.

तर आमचे साडू. ताडोबाला जाऊन आलेले, मोबाईलमध्ये वाघिणीचे फोटो, आणि प्रत्येक लग्नकार्यात ते दाखवायची हौस. मे महिन्यात आम्ही सगळे जाधववाडीच्या गेटनं आत गेलो. झोळंबीच्या सड्याकडं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठाराकडं जाताना वाटाड्यानं जीप थांबवली. रस्त्याच्या मधोमध अस्वलाची विष्ठा पडली होती. त्यानं काडीनं ती उकलली. आत करवंदाच्या आणि जांभळाच्या बिया गच्च, एकही फुटलेली नाही, आणि बाजूनं मुंग्यांची रांग लागलेली. “हे पावसात उगवणार,” तो म्हणाला. मी खाली वाकून बघत होतो आणि साडू नाकाला रुमाल लावून, “पाव्हणं, हगवण बघायला पैसे भरलेत का?”

पुढं अंजनीच्या झाडांच्या दाटीत शेकरू फांदीवर पोट टेकून पसरलेलं, झुपकेदार शेपूट खाली लोंबतंय. साडू म्हणाले, खारच की. सड्याच्या कडेला गव्यांचा कळप उभा होता. पुढच्या थोराड गव्यानं मान वर करून वारा हुंगला, नाकपुड्या हलताना दिसत होत्या. त्यावर साडूंचा शेरा, “आमच्या गोठ्यात याहून बऱ्या म्हशी आहेत.” वाटाडा हसला नाही. त्यानंतर त्यानं तोंडच उघडलं नाही, आणि राग मला याचाच आला. बोलता असता तर त्या पोराकडं अजून दिवसभर पुरेल एवढं होतं.

परतताना साडूंनी निकाल दिला, “रिकामं जंगल.” तेव्हापासून आमचं वाजलंय.

रिकामं? 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या 39 जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. ताडोबाचं नाव त्यात नाही, तिथं वाघ ढिगानं असूनही. कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे, पिसोरी हे इवलंसं हरीण, खवल्या मांजर, धनेश पक्षी हे सगळं इथं आहे. पण सगळ्यात मोलाचा तो बोडका दिसणारा सडा. वरून कातळ, पण जांभा दगड भोकाभोकांचा. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि खालच्या झऱ्यांतून सावकाश बाहेर येतं. तेच वारणेला मिळतं आणि चांदोली धरणाच्या वसंतसागर जलाशयात साठतं. साडूंचा ऊस वारणेच्याच पाण्यावर उभा आहे. बॉक्साईटसाठी असले सडे कोल्हापूर भागात खरवडले गेलेत, तेव्हा हे रिकामं वाटणारं राखणं ही चैन नव्हे. वाघ इथं राहावा यासाठी आधी हे टिकावं लागतं, उलटं नाही. साडूंना हे किती वेळा सांगितलं, ते फोटो काढून दाखवतात.

तुमच्यासाठी कामाचं थोडकं: पावसाळ्यात उद्यान बंद असतं, म्हणजे सड्यावर दवबिंदू, सीतेची आसवं ही किडे खाणारी रोपटी फुलतात नेमक्या त्या दिवसांत आत जाता येत नाही. फुलंच बघायची तर कासला जा, गर्दी सोसायची तयारी ठेवून. प्राण्यांसाठी मार्च ते मे बरा, पाणवठ्यांवर हालचाल असते. हिरवाई हवी तर पर्यटन सुरू झाल्या झाल्या या. दुर्बीण आणा. मोबाईलला रेंज धरू नका.

आणि हो, जंगल पहिल्यांदाच बघताय आणि बरोबर लहान मुलं असतील तर ताडोबाच गाठा, त्यात कमीपणा नाही. इथली झाडी एवढी दाट की चार हातांवरचा गवाही कधी कधी दिसत नाही, मुलं कंटाळतात. शिवाय हे जंगल फुकटात राखलं गेलेलं नाही. आतली गावं उठली, आणि त्या माणसांचं पुनर्वसन नीट झालं का, हे विचाराल तर बरीच कडू उत्तरं मिळतील. त्या गावांच्या जोत्यांवरून जीप जाते तेव्हा वाटाड्याला गावाचं नाव विचारा, तो सांगेल. फक्त गाडीत कुणी बडबड्या पाव्हणा असेल तर त्याला मागच्या सीटवर बसवा.